उतारावरचा लगाम

सिग्नलला गाडी थांबली की आपल्या ड्रायव्हरांचा डावा तळहात डॅशबोर्डवर जायचा. तापलेल्या मुलीच्या कपाळावर ठेवावा तसा. "आहेस ना, मगळे?" मगळे म्हणजे कन्नडात पोरी.

पोरीकडून उत्तर यायचं नाही. आपली गाडी हायब्रिड. थांबली की इंजिन आपोआप बंद होतं आणि बॅटरीवर ती गप्प उभी राहते. जन्मभर धडधडणाऱ्या डिझेलवर बसलेल्या माणसाला ती शांतता सोसत नसे. हिरवा दिवा लागून गाडी आवाज न करता पुढे सरकली, की ते श्वास सोडायचे आणि मला सांगायचे, "आहे, अक्का."

मुलांनो, तुम्ही मागे बसून त्यांची नक्कल करून हसलात, ते त्यांनी आरशात पाहिलं होतं. मला म्हणाले, "धाकट्याला बरोबर जमतं हं."

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते रुचायचं नाही. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात होते. ते स्वतः म्हैसूरजवळ बेळगोळच्या एका कारखान्यात साहेबांची जीप चालवून निवृत्त झाले आणि तुमचे आजोबा असताना आपल्याकडे आले. आमच्यासारखंच त्यांचंही मराठी: निम्मं घरचं, निम्मं रस्त्यावरचं कन्नड.

गाडी तुमच्या बाबाने घेतली ती तुम्ही सगळे आलात की सामानासकट मावावं म्हणून. मग आजोबा गेले. तुमचं येणं दोन वर्षांतून एकदा. सात माणसांच्या गाडीत मी एकटी, मांडीवर नारळाची पिशवी. दंतवैद्य, बँक, शुक्रवारी चामुंडीचा डोंगर. अग्रहारातल्या आपल्या घरातून निघून अग्रहारात परत.

एका रविवारी बाबाचा फोन आला. "आई, ही गाडी फारशी फिरतच नाही. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग, ड्रायव्हर. किलोमीटरला काय पडतं, एकदा काढून बघ. टॅक्सी स्वस्त पडेल."

बोलणं स्पीकरवर होतं. ते दारात किल्ली घेऊन उभे होते. मी फोन ठेवला तेव्हा किल्ली त्यांच्या हातात या बोटातून त्या बोटात फिरत होती.

"विकणार का, अक्का?"

"अजून काही ठरलेलं नाही. आधी हिशोब मागितलाय."

"मग दाखवू की! कंपनी म्हणते लिटरला वीसच्या वर. आपण वीस दाखवू. अल्वा? हो ना?"

मी वही आखली. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा काठोकाठ भरायची. नोंद त्यांनी करायची, भागाकार मी. पहिल्या वेळी उत्तर आलं साडेपंधरा.

त्यानंतर त्या माणसाला चैन पडेना. रोज सकाळी चाकांची हवा तपासायची. पेट्रोलपंप बदलला. डिकीतल्या घडीच्या खुर्च्या काढल्या, तुमची बॅट काढली, आजोबांची छत्रीसुद्धा काढली. एसी बंद, कारण एसी पेट्रोल पितो. काही दिवसांनी काचाही बंद, कारण वारा गाडीला मागे ओढतो असं कोणीतरी त्यांना सांगितलं. मी घामाने भिजून देवीसमोर उभी.

"अहो, मी काय इडली आहे, अशी वाफेवर ठेवायला?"

"थोडं सोसा, अक्का. या टाकीला बघा तुम्ही."

या टाकीला सोळा आले. ते रात्री झोपत नसावेत, डोळे सांगायचे. झोप मलाही नव्हती. रात्री-अपरात्री उठून मी पोर्चमधल्या गाडीकडे बघून यायची.

मला आकडा पटला नाही की मी पुस्तकाकडे वळते, हे तुम्हाला ठाऊक आहे. गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक कोणी उघडलं नव्हतं. मी पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. त्यात लिहिलं होतं: उतारावर आणि ब्रेक दाबताना चाकं बॅटरी भरतात, पडद्यावर बाण चाकांकडून बॅटरीकडे जाताना दिसतो. पुढे चौकटीत: लिव्हर न्यूट्रलमध्ये असेल तर बॅटरी भरत नाही.

शुक्रवारी डोंगरावरून उतरताना मी मागच्या सीटवरून वाकून पाहिलं. पडद्यावर बाण नव्हता. लिव्हर न्यूट्रलमध्ये होती.

सांगू की नको? ज्याने आयुष्यात एक ओरखडा पाडला नाही, त्याला मी, जिने कधी स्टिअरिंग धरलं नाही? दोन वळणं तशीच गेली. मग म्हटलं, "जरा बाजूला घेता का?"

मोठ्या नंदीच्या फाट्याजवळ त्यांनी गाडी उभी केली. मी ते पान मराठीत करून सांगितलं.

"आमचे आजोबा सांगायचे," ते म्हणाले, "चढावर जनावराला टाच मारावी, उतारावर लगाम सैल सोडावा. जनावर आपोआप उतरतं. जीपला मी तेच केलं. साहेब म्हणायचे, हा डिझेल वाचवणारा ड्रायव्हर." मग त्यांनी विचारलं, "म्हणजे गळती मीच होतो काय, अक्का?"

"गळती कसली? जनावर बदललंय."

त्यांनी लिव्हर डीमध्ये, म्हणजे ड्राइव्हमध्ये घेतली. पहिल्याच वळणावर पडद्यावर हिरवा बाण चाकांकडून बॅटरीकडे धावला. त्यांनी पाय आणखी हलका केला. "अय्यो! चढाला दिलेलं उतार परत देतो की!" पायथ्यापर्यंत हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं.

त्या टाकीला एकोणीस आले. त्यांनी घरून म्हैसूरपाक आणला.

मी बाबासाठी स्वच्छ कागद काढला. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग, टायर. बेरीज छान दिसत होती. मुलांनो, तुमच्या आजीने आयुष्यात एकच खोटा कागद लिहिला, तो हा. वहीत किलोमीटर भरायला ते आले आणि कागद तिथेच पडलेला.

"एक ओळ राहिली, अक्का."

"कुठली?"

"माझी."

ती ओळ लिहिली तर पेट्रोल वाचवलेलं कुठल्या कुठे जात होतं; सगळ्यांत मोठा आकडा तोच होता. हे आम्हा दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत असावं. मी पेन उचलेना. मग त्यांनीच ते उचललं आणि शेवटी आपला पगार लिहिला, कन्नड आकड्यांत, सुवाच्य. "खोटा कागद पाठवून मी सीटवर कसा बसू?"

तो कागद मी तसाच पाठवला. खाली माझ्या हाताने एक वाक्य लिहिलं: शेवटची ओळ माझ्या पेन्शनमधून जाते आणि तिच्यावर चर्चा होणार नाही. बाबाने उत्तरात एवढंच लिहिलं: बरं, आई.

पुढे दीड वर्ष ते आले. एका शुक्रवारी डोंगर अर्धा चढून त्यांनी गाडी कडेला घेतली. म्हणाले, वळणं दोन-दोन दिसतात. आम्ही तिथूनच सावकाश परत फिरलो. घरी येऊन त्यांनी गाडी धुतली, बॅट आणि छत्री डिकीत जागच्या जागी ठेवली आणि किल्ली देवापुढे ठेवून गेले. आता ते सोसले गावात मुलीकडे असतात.

डोंगरावर मी टॅक्सीने जाते. उतारावर लिव्हर न्यूट्रलमध्ये दिसली की मला राहवत नाही, बोलते. टॅक्सीवाले आरशातून विचित्र बघतात.

शनिवारी सकाळी त्यांचा फोन येतो. माझी तब्येत नंतर, आधी, "चालू केलीत काय?" उभ्या गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून एकदा तिला जागं करावं लागतं, तेवढं त्यांनी मला शिकवून ठेवलंय. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसते, ब्रेकवर पाय, बटण दाबते, फोन डॅशबोर्डवर ठेवते. बहुतेक वेळा थोड्या वेळाने इंजिन घरघरतं आणि पलीकडून आवाज येतो, "आहे, आहे."

काल इंजिन सुरूच होईना. दिवे लागले, पडदा लागला, आवाज नाही. "ऐकू येत नाही हो काही," मी म्हटलं. "पुन्हा दाबू का?"

"बॅटरी भरलेली दिसते का पडद्यावर?"

"दिसते."

"मग सुम्ने, तशीच असू दे, अक्का. गप्प आहे, एवढंच."

फोन त्यांनी ठेवला नाही, मीही नाही. मी डावा तळहात डॅशबोर्डवर ठेवून बसून राहिले.