दिगूच्या सात ओळी

दिगू गांगुर्डे गेल्याची बातमी आमच्या बॅचच्या ग्रुपवर आली तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते. सकाळी घरीच झटका आला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... एवढंच कुणीतरी लिहिलं होतं. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मग एकेक जण चार-चार ओळी लिहायला लागला आणि मी गाडीतच बसून त्या वाचत राहिले. अकरा जणांनी त्याच्याबद्दल एकच वाक्य लिहिलं होतं, शब्दही तेच : 'खरेदी व्यवस्थापन क्षेत्रातला स्वतंत्र सल्लागार म्हणून दिगंबरने दुसरी इनिंग दमदार सुरू केली होती.' हे वाक्य माझं आहे आणि ते खोटं आहे. गेले सहा आठवडे मी त्या वाक्यापासून तोंड लपवत फिरतेय.

आम्ही नाशिकच्या एका मॅनेजमेंट कॉलेजातले, नव्वदच्या दशकातले. एमबीएला प्रवेश मिळाला की पोरगं थेट मॅनेजरच्या खुर्चीत बसणार, असं घरच्यांना वाटायचे ते दिवस. दिगू चांदवडहून एसटीने अपडाउन करायचा. पहिल्याच प्रेझेंटेशनला आम्ही सगळे फाडफाड इंग्रजीत ग्राहक समाधानाची तत्त्वं वगैरे सांगत होतो. दिगूची पाळी आली. तो उभा राहिला, हातातला कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "सर, गिऱ्हाईक परत आलं तर माल चांगला. नाय आलं तर नाय. यात लय सांगण्यासारखं काय हे?" वर्ग हसला, सरही हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसले असणार, कारण त्या काळात मला स्वतःच्या इंग्रजीचा भारी तोरा होता. दिगू मात्र शांतपणे खाली बसला. जे आहे ते आहे तसं सांगायचं, एवढी एकच पद्धत त्याला येत होती. त्याला सातपूरच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात नोकरी लागली आणि आमच्यातले निम्मे पुण्या-मुंबईला, काही थेट परदेशात पांगले.

'खबरबात' ही कल्पना दिगूचीच. दर दिवाळीला प्रत्येकाने आपली खबर पाठवायची, ती एका कागदावर उतरवून, झेरॉक्स काढून सगळ्यांना पोस्टाने धाडायची. पहिल्या अंकाच्या वेळी आम्ही दोघं कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभे होतो. मी विचारलं, "लोकांनी लिहायचं काय पण?" तो म्हणाला, "काय चाललंय ते लिहायचं. चांगलंच लिहायचं असं काय नाय." पहिली दोन वर्षं त्यानेच सगळं केलं. मग माझं अक्षर बरं आणि भाषा बरी म्हणून काम माझ्याकडे आलं आणि दिगू मला संपादकबाई म्हणायला लागला. पोस्टाची जागा ईमेलने घेतली, ईमेलची ग्रुपने. संपादकबाई तीच राहिली.

आता माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी द्राक्षं निर्यात करणाऱ्या एका कंपनीत माहितीपत्रकं लिहिते. बाग कशीही असो, कागदावर ती मी देखणी करते. तीच सवय 'खबरबात'ला लागली. नोकरी सुटलेल्याला मी 'नव्या संधींच्या शोधात' पाठवलं. घटस्फोट झालेल्या मैत्रिणीची खबर 'सध्या स्वतःसाठी वेळ देत आहे' अशी छापली. कुणी तक्रार केली नाही, उलट फोन करून आभार मानले. हळूहळू लोक खबरा पाठवायचेच गुळगुळीत करून. मुलगा कॅनडात, मुलगी डॉक्टर, गंगापूर रोडला नवा फ्लॅट, कुटुंबासह युरोप. वाचताना आम्ही सगळे फारच बरे आहोत असं वाटायचं. खरं म्हणजे प्रत्येकाला बाकीचे बरे आहेत असं वाटायचं. हे मला आज लिहिताना सुचतंय, तेव्हा नाही सुचलं.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत दिगूची खबर आली. सात ओळी होत्या. त्याची नोकरी गेली होती. मी त्या वाचल्या तेव्हा गॅसवर चकल्या होत्या आणि अंक त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकायचा होता. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त अवघडल्यासारखं झालं. त्याच्या वर एकाच्या कंपनीला मिळालेला पुरस्कार होता, खाली कुणाच्या तरी बंगल्याची वास्तुशांत, आणि मध्ये हे. त्याची चार लोकांत शोभा होईल, असं मी स्वतःला सांगितलं. अंकाची शोभा जाईल हेही मनात होतं, ते मात्र सांगितलं नाही. त्याला फोन करून विचारायला हवं होतं. पाथर्डी फाट्यावरचं त्याचं घर माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर आहे. मी तेही केलं नाही. सात ओळींची एक ओळ केली आणि चकल्या काढायला गेले. ग्रुपवर अभिनंदनाचा नुसता पाऊस पडला.

दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. "संपादकबाई, मी असं कुठं लिहिलं होतं?" आवाजात राग नव्हता. मी म्हटलं, "अरे, बरं दिसतं. आणि सल्ला द्यायला तुला कोण अडवतंय? सव्वीस वर्षांचा अनुभव आहे तुझा." तो म्हणाला, "लोकांचे लय फोन येऊ राहिले. सुरेखा पण खूश झाली. तिला वाटतं, तुम्ही सगळ्यांनी मिळून मला काम दिलं." मी हसत म्हटलं, "मग झालं तर." तो म्हणाला, "बरं. राहू दे मग." या चार शब्दांनी मी सहा आठवडे झोपेतून उठतेय. तो मला विचारत होता की आता काय करू. मी त्याला सांगितलं की असंच कर.

त्यानंतर मी त्याला एकदाच पाहिलं, गेल्या वर्षीच्या बॅच मेळाव्यात. हायवेवरच्या हॉटेलात जेवण होतं. लोक त्याला घेरून विचारत होते, कुणाकुणाला सल्ला देतोस, मालेगावच्या यंत्रमागवाल्यांचं काम घेतोस का. त्याने खिशातून व्हिजिटिंग कार्डं काढून वाटली. नवी कोरी, जाड कागदाची. मलाही दिलं. त्यावर माझेच शब्द होते : खरेदी व्यवस्थापन सल्लागार. पत्ता नव्हता. देताना तो माझ्याकडे बघून हसला आणि मीही हसले, दोन चोर हसतात तसं. खूप बारीक झाला होता. 'तब्येत छान कमी केलीस' असं मी म्हटल्याचं आठवतं.

तेराव्यानंतर मी त्याच्या घरी गेले. त्याची बायको सुरेखाताई जवळच्याच शाळेत शिक्षिका आहेत, अजून रजेवर होत्या. पाणी दिलं, चहा टाकला. मग शेजारी बसून म्हणाल्या, "ताई, एक विचारायचं होतं. तुम्ही एवढं छान लिहिलं होतं त्यांच्याबद्दल, म्हणून तुम्हालाच विचारते. त्यांचं ऑफिस नेमकं कुठं होतं? रोज साडेनऊला डबा घेऊन जायचे. तिथलं त्यांचं सामान आणायचं राहिलंय. मुलगा म्हणतो, मी जाऊन येतो."

मला खोटं काही सांगायला वेळ लागत नाही. तिथं बसल्या बसल्या वाक्य तयार झालं होतं : जागा भागीदारीत होती, मागेच सोडली. एवढं म्हटलं असतं की बाईंच्या मनाला शांती आणि माझी सुटका. तोंडही उघडलं. पण त्या इतक्या विश्वासाने बघत होत्या की... मी फोन काढला, दिगूचा दोन वर्षांपूर्वीचा मेसेज शोधला आणि त्यांच्या हातात दिला. तो इथं त्यांच्या परवानगीने देते आहे. एकही शब्द बदललेला नाही.

'मंडळी, नमस्कार. गणपतीच्या आधी कंपनीने आमचं खातं बंद केलं. सव्वीस वर्षं झाली होती. दोन-तीन ठिकाणी जाऊन आलो, वय विचारतात. सकाळ बरी जाते, पण सुरेखा शाळेत गेली की दुपार लय मोठी होते. मला काम द्या असं म्हणत नाय. पण कोणाचं पाथर्डी फाट्याकडं येणं झालं तर दुपारचं घरी या, चहा मी आता चांगला करतो.'

सुरेखाताईंनी ते सावकाश वाचलं. रडल्या नाहीत, माझ्यावर चिडल्याही नाहीत. दोन वर्षं तो डबा घेऊन रोज कुठं जात होता, हे त्यांना माहीत नाही आणि मलाही नाही. घरात महिन्याचे पैसे फंडातून येत होते, एवढं त्यांनी तिथल्या तिथं ओळखलं. मग बोटाने स्क्रीन वर सरकवत त्या पुन्हा शेवटच्या ओळीपाशी आल्या.

"मग आलं होतं का कोणी?" त्यांनी विचारलं. "चहाला?"

नाही, मी म्हटलं. ती ओळ मी कुणाला वाचूच दिली नव्हती.