प्रयोगशाळेची हिफाजत

पदनाम : प्रयोगशाळा परिचर. नाव : वहिदा बेगम. सेवा : एकोणीस वर्षे. ठिकाण : हिमायतनगर तालुक्यातील एक माध्यमिक शाळा. कर्तव्य : वैज्ञानिक उपकरणांची निगा राखणे व भावी पिढीत वैज्ञानिक दृष्टिकोन रुजविण्यास साहाय्य करणे. ताब्यातील साहित्य : सूक्ष्मदर्शक एक, परीक्षानळ्या चाळीस (कागदोपत्री), सांगाडा एक, डाव्या हाताविना.

यंदा वहिदाआपांच्या कर्तव्यात देशाच्या संरक्षणाचीही भर पडली. सीमेवर ड्रोन घिरट्या घालू लागले, तेव्हा पोरांना विज्ञान यायला पाहिजे हे सरकारच्या ध्यानात आलं, आणि 'राष्ट्रीय सुरक्षेसाठी विज्ञान' अशी योजना निघाली.

शाळेची निकड जराशी वेगळी होती. खिचडीच्या तांदळाला उंदीर लागले होते आणि संस्थाचालकांची नजर प्रयोगशाळेवर होती. योजनेत नंबर लागला तर प्रयोगशाळा राहणार. नाही तर तिथं पोती, आणि सूक्ष्मदर्शक कपाटावर. आपांनी त्या आठवड्यात सांगाडा दोनदा पुसला.

तपासणीला साहेब आले. मुख्याध्यापक रविकांत सरांनी ड्रोनवरचं भाषण पाठ केलं होतं, पण नेमका वरून फोन आला आणि ते रेंज शोधत गच्चीवर गेले. साहेबांनी मग आपांनाच विचारलं, "बाई, सुरक्षेच्या दृष्टीनं इथं काय काय चालतं?"

सुरक्षा म्हणजे सामानाची हिफाजत, हे आपांना पक्कं ठाऊक. आणि अडचण तिथंच होती. कारण त्या पोरांना सगळं हाताळू देत. महिन्याला तीन नळ्या फुटत, आणि काचा गोळा करता करता आपा विचारत, "फुटली ते फुटली. काहून फुटली, ते सांग."

"हिफाजत लई कडक हाय, साहेब," त्या म्हणाल्या. "कायम कुलूप. पोरायला हात लावू देत न्हाई."

दारात नववीतली दिपाली उभी होती. "आपा, खोटं काहून बोलून राहिल्या? परवा मीच तर ॲसिड सांडलं!"

"चूप बस गं, माझी माय!"

साहेबांनी दोघींचं म्हणणं लिहून घेतलं. अहवालात शेरा पडला : 'सुरक्षेची जाणीव उत्कृष्ट, साधने अपुरी.'

मंजुरी आली. प्रयोगशाळा वाचली, आपांनी पेढे वाटले. पंधरवड्यानं टेम्पोतून साधनं उतरली : लोखंडी दार एक, कॅमेरे दोन, खिडक्यांना बारीक जाळी. ड्रोन पुढच्या टप्प्यात.

उंदीर शिरणार नाही अशी शाळेत आता एकच खोली आहे. वहिदाआपांच्या ताब्यात तांदळाची अठरा पोती आहेत.