कोरं आभाळ

वीस वर्षं जाहिरातींची चित्रं काढली आणि मग नोकरी सोडून या गावात राहायला आलो. काल ओट्यावर बसून समोरचा डोंगर रंगवत होतो. पाणी घेऊन चाललेल्या शेजारच्या पारूकाकू कळशी टेकवून बघत उभ्या राहिल्या.

"डोंगर झ्याक उतरलाय. पण वर एवढं कोरं का सोडलंय?"

"आभाळ आहे ते, काकू."

"असलं आभाळ असतंय व्हय?"

मी चपापलो. ते आभाळ नव्हतंच. जाहिरातीच्या मजकुरासाठी वर जागा सोडायची, ही जुनी सवय. मी गावात आलो होतो. हात मात्र अजून कुणाच्या तरी साबणाची, तेलाची ओळ येईल म्हणून जागा राखून बसला होता.

काकू गेल्या. मी ब्रश खाली ठेवला आणि सकाळपासून पहिल्यांदाच मान वर करून डोंगरावरचं आभाळ पाहिलं.