सायलेन्सरातलं फडकं

हाताला रॉकेलचा वास लागला की कडेगावच्या आमच्या अंगणातली ती सकाळ आठवते. फौजेतल्या थोरल्या भावाची रजा संपली की त्याला मोटरसायकलवरून सांगलीला रेल्वेवर सोडायचं काम माझं. आदल्या दिवशी मी गाडी रॉकेल-पाण्यानं अशी धुवायचो, की चेनीत बघून भांग पाडावा! पाणी शिरू नये म्हणून सायलेन्सरात फडकं कोंबायचो आणि दर रजेला काढायचं विसरायचो. त्या खेपेला मात्र काढलं होतं, आईशपथ. तरी गाडी मुकी. किका मारून अंगणात विहीर पडायची वेळ आली. रेल्वे चुकली तर भावाला साहेबापुढं उभं राहावं लागणार. त्यानं सायलेन्सरात बोट घातलं, तर फडकं! "गड्या, याबी बारीला?" मी वहिनीकडं वळलो. "वहिनी, हे तुमीच कोंबलंय." "आवं भावजी, तुमी काढलंच न्हाई. मी बघत होते की." "मग बोलली का न्हाईस?" भावानं विचारलं. भाकरीचं गाठोडं त्याच्या हातात देत ती म्हणाली, "बोलले असते तर तुमी कवाच गेला असता." रेल्वे कशीबशी मिळाली. आता भाऊ पेन्शनीत निघालाय, गाडी भंगारात गेलीय. पण फडकं मी काढलं होतं, असा मला अजून दाट संशय आहे.