आतोबांचं प्रॅक्टिकल

आख्ख्या पनवेलात माणसाकडे स्नायूंचं चालतं-बोलतं गाठोडं म्हणून पाहणारा एकच गृहस्थ होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या आत्याच्या वाट्याला आला. आतोबा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. बेडकाच्या पोटरीचा स्नायू काढायचा, त्याला विजेचा बारीक झटका द्यायचा, खाली पारड्यात वजनं टांगायची आणि स्नायूने ती किती उचलली याची रेघ काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर उमटवायची, हे प्रॅक्टिकल त्यांनी पंचवीस वर्षं घेतलं. पुढे पुढे त्यांना पोरांपेक्षा पोटरीचीच माया जास्त वाटू लागली. बेडूक जवळच्या नेरे गावच्या शेतांतून एक म्हातारा पिशवीत घालून आणायचा. "मास्तर, तुमाला कदी पाप नाय वाटत?" असं त्याने एकदा विचारलं. आतोबांनी त्याचाच दंड चाचपला आणि "वा! नांगरावरचा दिसतोय," असा अभिप्राय दिला. म्हातारा पुढे महिनाभर फिरकला नाही.

थोडं ओझं असलं की स्नायू जास्त जोर लावतो, हा नियम म्हणजे आतोबांचा जीव की प्राण. रिकाम्या हातांनी आलेल्या पाहुण्याची त्यांना खरोखर कीव यायची, आणि तो टेकायच्या आत त्याच्या हातात दळणाचा डबा जायचा. माझ्यासाठी मुलगी पाहायला त्यांना नेलं, ही माझी घोडचूक. सगळे तिला शिक्षण, छंद विचारत होते. आतोबांनी तिला भरलेली कळशी उचलून दाखवायला सांगितली. मुलीच्या वडिलांना वाटलं, आमच्या घरी नळ नसावा. ते स्थळ गेलं. एका धक्क्याने जे होत नाही ते बारीक बारीक धक्के पाठोपाठ दिले की होतं, हाही त्यांचा सिद्धान्त. त्यामुळे चहा हवा असला की ते आत्याला दर अर्ध्या मिनिटाला हलक्या आवाजात हाक मारायचे. "अहो, मी बेडूक नव्हे!" असं आतून आलं की चहा होणार हे नक्की समजायचं.

नव्वद सालच्या थंडीत आत्याला झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली. जीभ जड झाली तरी बोलणं कळायचं, आणि तिचं एकच मागणं होतं. आतोबा वरणभाताचा घास भरवायला लागले की ती तोंड फिरवायची. "मला माझ्या हाताने जेवायचंय." हे वाक्य तिने मोठ्याने कधीच म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागायचं.

आतोबांनी मग घरातच प्रॅक्टिकल मांडलं. ओळखीच्या डॉक्टरांकडून झटके द्यायचं यंत्र आणलं, कॉलेजातून मोडीत निघालेलं काजळीचं नळकांडं आणलं. आत्याच्या बोटाला दोरा, दोरा खिडकीच्या गजावरच्या कप्पीवरून खाली, आणि त्याला टांगलेल्या पारड्यात बटाटे. यंत्र चालू केलं की बोटं मिटायची, पारडं वर जायचं, कागदावर रेघ चढायची. यंत्र बंद केलं की सगळं शांत. खिडकी हायवेकडे होती. न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर गेले की घर हादरायचं आणि रेघ उगाच थरथरायची. आपल्याला खोटी आशा वाटू नये म्हणून आतोबा तिथे पेन्सिलीने 'ट्रेलर' असं लिहून ठेवत. "स्नायू ठणठणीत आहे रे," ते मला म्हणाले, "वरून हुकूमच येत नाही." कापून काढलेला स्नायूसुद्धा झटक्याने हलतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

चौथ्या महिन्यात एका सकाळी यंत्र बंद असताना पारडं हललं. आतोबा तसेच चप्पल न घालता कॉलेजात गेले आणि प्रॅक्टिकलची आख्खी बॅच घरी घेऊन आले. बारा पोरं खोलीत दाटीवाटीने उभी राहिली. पारडं दोन बटाट्यांसकट वर गेलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, आतोबांनी डोळे पुसले. मी आत्याच्या उशाशी होतो. मला तेवढं दिसलं, की पदराखालून तिचा डावा हात दोरा ओढतोय. पोरं गेल्यावर ती मला म्हणाली, "बोलू नकोस हं. किती दिवसांनी हसलेत." मी बोललो नाही. चूक केली की बरोबर, ते मला अजून कळलेलं नाही.

आठवड्याने त्या दिवसाचा कागद सहज हाती लागला. त्या चढत्या रेघेपाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'डावा हात'. मी आतोबांकडे पाहिलं. "इतके महिने निजलेल्या हाताची पहिली रेघ एवढी गुळगुळीत येते होय?" ते म्हणाले, आणि कागद ट्रंकेत ठेवून आले. दुसऱ्या दिवशी पारडं वर गेलं तेव्हाही ते "वा!" म्हणालेच. पुढे आत्याच कंटाळली, मग दोरा सुटला.

त्यानंतर तो हात आपण होऊन मिटायला लागला. मूठ इतकी घट्ट वळायची की नखं तळव्यात रुतायची. रोज सकाळी आतोबा कोमट पाण्यात तो हात धरून एकेक बोट सोडवत, आत रुमालाची गुंडाळी ठेवत. "आकुंचन मी जन्मभर शिकवलं," एकदा ते म्हणाले, "पण सैल सुटणं हेच खरं अवघड आहे रे." अशी तीन वर्षं गेली. आत्या स्वतःच्या हाताने जेवली नाही.

एका सकाळी मी दूध घेऊन गेलो, तर आतोबा तिच्या शेजारी बसले होते. पातेल्यातल्या पाण्याला हात लागलेला नव्हता.

"आज बोटं नुसती उघडली," ते म्हणाले. "जोर लावावाच लागला नाही."

मला कळायला एक क्षण लागला; आत्याचा श्वास चालत नव्हता. मी म्हटलं, "शेजाऱ्यांना बोलावतो."

"जरा थांब. दोन-तीन तासांत सगळं अंग पुन्हा आखडेल. तोवर हात मोकळा आहे तिचा." एवढं बोलून त्यांनी आपला हात तिच्या उघड्या तळव्यात ठेवला.

मी दार ओढून घेतलं आणि बाहेर पायरीवर बसलो. कोणी आलं की आतोबा कामात आहेत, असं सांगत राहिलो.