रोटाच्या दिवसांतल्या गोळ्या

मी जळगावात कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. जंतू औषधाला बधेनासे कसे होतात, हा माझा हातखंडा विषय. औषध अर्धवट सोडलं की लेचेपेचे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि पुढची सगळी प्रजा त्या चिवटांचीच होते. पोरं माना डोलावतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

वडिलांना, म्हणजे आमच्या भाऊंना, क्षय झाला तेव्हा धाकट्या बहिणीचं लग्न ठरत आलं होतं. गोळ्या सुरू झाल्या, खोकला थांबला. तेवढ्यात कानबाईचा सण आला. श्रावणात देवीचा रोट, म्हणजे नैवेद्य, करायचा म्हणजे अख्खी भाऊबंदकी धरणगावच्या घरी मुक्कामाला, आणि रोट सरेपर्यंत सगळ्यांची पंगत एकच. त्या पंगतीत भाऊ मूठभर गोळ्या घेऊन बसले असते, तर एखाद्या काकूच्या तोंडून बातमी थेट सोयऱ्यांच्या दारात गेली असती. गोळ्यांचा डबा मीच कपाटात कोंबला. म्हटलं, “भाऊ, पाहुणे जाईपर्यंत राहू द्या. आता बरं वाटतंय ना तुम्हाला?”

पाहुणे गेले, तर साखरपुडा आला. मग लग्न. भाऊ गोळ्यांचं विचारायचे आणि मी खेकसायची, “थांबा हो जरा!” जळ्ळं मेलं माझं शिक्षण!

लग्न पार पडलं आणि भाऊंच्या थुंकीतून रक्त पडायला लागलं. धुळ्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासणीत निघालं, नेहमीची औषधं आता त्यांना लागू पडत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, “गोळ्या मध्येच सोडायला कोणी सांगितलं होतं?”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मीच सोडी दिन्यात, साहेब. बरं वाटे माले.”

डॉक्टर त्यांच्यावर चांगलेच चिडले. वाटेल ते बोलले. भाऊ खाली मान घालून ऐकत होते, आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून होते. मग डॉक्टर माझ्याकडे वळले; मी काय शिकवते ते त्यांना आल्याआल्याच सांगून झालं होतं. “मॅडम, तुम्ही तर जीवशास्त्राच्या. जरा समजावा यांना.”

आणि मी समजावलं हो! वर्गातल्या आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. भाऊ मांडीवर हात ठेवून, नीट बसून ऐकत राहिले.

“समजनं, माय,” ते म्हणाले. “आते अशी चूक व्हणार नही.”

“छान सांगितलंत,” डॉक्टर मला म्हणाले.

तिथंच लाजेनं मरायला हवं होतं मी. मी थँक्यू म्हणाले.