शेवटचं कोरं पान

"काका, अब्बा गेले सकाळी." फोनवर शबाना एवढंच बोलली. मला आधी आठवलं ते हे, की तिच्या वडिलांशी, रशीदभाईंशी, मी पाच महिने बोललो नव्हतो... आणि तेही टीव्हीवरच्या एका मालिकेपायी.

शनिवार पेठेत रशीदभाईंचं वाचनालय होतं. खडकीच्या कारखान्यातून सुटलो की मी सायकलने थेट तिथे जायचो. "आलात? म्हणजे आता शांतता संपली," असं स्वागत व्हायचं. पुस्तकांच्या समासात शेरे मारणाऱ्या वाचकांना ते वैतागले होते. शेवटी त्यांनी बाइंडिंग करतानाच प्रत्येक पुस्तकामागे खळीने एक कोरं पान चिकटवायला सुरुवात केली. टेबलाला दोरीने पेन्सिल बांधलेली असायची. काय म्हणायचं ते त्या पानावर लिहा, खाली सभासद क्रमांक टाका. अट एकच, लिहिलेलं खोडायचं नाही.

सात भागांच्या एका अद्भुत कादंबरीवर आम्हा दोघांचा फार जीव. पाचव्या भागात म्हातारा नावाडी मरतो. ती पानं मी त्यांना वाचून दाखवली तेव्हा दोघेही डोळे पुसत बसलो होतो. त्यावरच्या मालिकेत टीव्हीवाल्यांनी मात्र नावाड्याला जिवंत ठेवला. झालं, वाचनालयात दोन तट पडले. कुणी म्हणे पुस्तकाचं मातेरं केलं, कुणी म्हणे बरं झालं, जगला बिचारा. रशीदभाई माझ्याच बाजूचे, हे मी धरूनच चाललो होतो. ते म्हणाले, "अहो, राहू द्या की म्हाताऱ्याला. तुमचं काय जातंय?"

मला ती फितुरी वाटली. रागाच्या भरात मी पाचव्या भागाच्या मागच्या पानावर लिहिलं, 'ज्यांना मरण सोसत नाही त्यांनी पुस्तकं मिटून टीव्ही बघावा. सभासद ८७.' पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि दुसऱ्या वाचकाचं कार्ड शोधू लागले. मी निघून आलो, तो पुन्हा गेलो नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना आजाराचं नाव सांगितलं होतं, हे मला मातीच्या दिवशी कळलं. त्यांनी घराबाहेर कुणाला सांगू दिलं नव्हतं. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही. आजही वाटते.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर वाचनालयात गेलो. मला पाहून शबाना आत गेली. मी कपाटातून पाचवा भाग काढला, खिशातलं खोडरबर हातात घेतलं आणि मागचं पान उघडलं. माझं वाक्य तसंच होतं. त्याखाली रशीदभाईंचं बारीक, कललेलं अक्षर... 'सोसत नाही, हे खरं. तरी पुस्तकच बरोबर आहे. सभासद १.' आणि अगदी तळाशी, शबानासाठी, 'सत्त्याऐंशी नंबर हे खोडायला येतील. खोडू देऊ नये. चहा द्यावा.'

अक्षरं दिसेनाशी झाली. समोर शबाना उभी होती, एका हातात कप घेऊन. दुसरा हात तिने पुढे केला.

"आधी ते खोडरबर द्या, काका."